हे मोठ्याने वाचू नये

मी श्यांग वेनबी, कै. लुओ थिंगकुइ यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा बचनागाची शेती व फूत्झ तयार करणे, राहणार बैशीबा, फू नदीचा डावा काठ, च्यांगयोउ, सिचुआन, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. डॉक्टर तेंग समोर बसले आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्याचे छत अजून गळते का, असे उलट विचारले. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

डोळे, कान आणि हात चालतात. जीभ तेवढी गेली आहे. बोलायची जीभ नव्हे, ती अजून चुरुचुरु चालते, हे घरचे शपथेवर सांगतील. चव घ्यायची जीभ गेली. गेल्या उन्हाळ्यापासून मला फूत्झचा दंश कळेनासा झाला आहे आणि आमच्या धंद्यात ज्याला दंश कळत नाही त्याने बाजूला व्हावे. म्हणून हे आताच लिहून ठेवते.

उद्या हे कोर्टातला परगावचा माणूस वाचेल, त्याच्यासाठी थोडे सांगते. बचनागाचा जो कंद आम्ही थंडीत जमिनीत लावतो ती आई. तिच्या अंगाला बाजूने जे लहान कंद धरतात ते फूत्झ. फू म्हणजे चिकटलेले, त्झ म्हणजे मूल. मूल फुगत जाते तशी आई काळवंडून सुकत जाते. विष दोघांतही असते. आईचा उपयोग फार तर दुखऱ्या सांध्याला, पण गार पडत चाललेल्या माणसात ऊब परत आणायची ती मुलानेच. त्याआधी मात्र त्याचे विष काढावे लागते. मिठाच्या कडू पाण्यात मुरवायचे, उकळायचे, सोलायचे, चकत्या पाडायच्या, मग हौदात घालून पाणी बदलत राहायचे. किती वेळा बदलायचे ते माल सांगतो. चकतीचा तुकडा जिभेवर घ्यायचा, चावायचा, थुंकायचा आणि गप्प बसून वाट पाहायची. जीभ बधिर झाली तर आणखी पाणी. नाही झाली तर माल तयार. उन्हाळ्यात पाणी बदलायला चुकले की चकत्या आंबतात आणि सगळे कष्ट गटारात जातात.

या फूत्झ शब्दावरून माझ्या घरात सात वर्षे भांडण चालले आहे. मागचे आवार, म्हणजे हौद, चुली, वाळवण्याची गच्ची आणि विहीर, कोणाचे, हा त्यातला प्रश्न. माझा मुलगा म्हणतो त्याचे. मी म्हणते शानमेइचे. शानमेइ काहीच म्हणत नाही. कागदोपत्री ती माझी कोणी लागत नाही, त्यामुळे मी काही न लिहिता गेले तर दुसऱ्या दिवशी तिला तिचे अंथरूण उचलावे लागेल. ते होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण आवाराचे शेवटी लिहीन. आधी किरकोळ उरकून घेते.

रस्त्याकडचे राहते घर, खालचे दुकान आणि वरच्या दोन्ही खोल्या, माझा मुलगा लुओ चेंगपिंग याला द्यावे. त्याने ते विकावे, भाड्याने द्यावे, वर मजला चढवावा, माझी हरकत नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या हिश्शातला आपला भाग त्याने माझ्या नावे करून दिला. सही करताना तो रडत होता. शेवटी सगळे आपल्याकडेच येणार, असे त्याला तेव्हा वाटले असेल, पण सही त्याने मनापासून केली हे मी विसरलेले नाही. म्हणूनच घर त्याला. मागच्या दाराजवळचे पपनसाचे झाड तेवढे तोडू नये. तो जन्मला त्या वर्षी त्याच्या वडिलांनी ते लावले. फळ आजवर एकदाही गोड निघालेले नाही, आणि वडील मात्र दरवर्षी पहिली फोड तोंडात टाकून "या वर्षी बरंय" असेच म्हणायचे.

बँकेत निघेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे, उरेल ते नातीच्या शिक्षणाला लावावे. बँड नको. जेवणात आतड्यांचा रस्सा आणि भात असावा, बाजारच्या मोठ्या पुलाजवळच्या म्हातारीकडून आणावा, तिला आतडी नीट धुता येतात. मांसात फूत्झ घालून शिजवायचा शहाणपणा त्या दिवशी कोणी करू नये. रडण्याच्या नादात चुलीकडे लक्ष राहत नाही, आणि एकाच्या क्रियाकर्मात दुसरे निघायला वेळ लागत नाही.

लोणच्याचा मोठा रांजण सूनबाई श्वेफेन हिला. त्यातले खारे पाणी माझ्या सासूच्या हातचे आहे, ते आजवर कधी टाकलेले नाही, त्यात नुसती भर घातली आहे. श्वेफेन, तुझे माझे फार जमले असे नाही. तू या घरात आलीस तेव्हा नाकाला रुमाल लावून मागच्या आवारात उभी राहिलीस, ते मी बरीच वर्षे धरून ठेवले. पण माझ्या आजारपणात तू म्येनयांगहून बसने यायचीस आणि येताना पातळ भात घेऊन यायचीस, तोही मी धरून ठेवला आहे. रांजण घे. काठावरच्या खाचेत पाणी सुकू देऊ नकोस आणि तेलकट हात आत घालू नकोस. त्याला फ्रिजमध्ये ठेवशील तर मी परत येईन.

कोठीच्या कोपऱ्यातली काळी बरणी कोणालाही नाही. तिच्यात ज्वारीच्या दारूत कच्चा बचनाग घातलेला आहे. ती गुडघ्याला चोळायची आहे, पिण्याची नव्हे. माझ्यामागे ती उघडू नये, नदीत ओतू नये, झाडाच्या मुळाशी ओतू नये. खोल खड्डा खणून बरणीसकट पुरावी. एकदा नव्या वर्षाच्या जेवणाला माझे धाकटे दीर थिंगशू भाऊजी यांनी ती शोधून काढली होती.

"वहिनी, ही कुठली हो? रंग तर झकास आलाय."

"भाऊजी, ठेवा ती खाली. गुडघ्याला लावायची आहे."

"मग आतून जाईल की गुडघ्यापर्यंत! बाहेरून कशाला त्रास?"

मी उठून पोचेपर्यंत एक घोट गेला होता. आधी ओठ बधिर झाले, मग बोटे, मग त्यांनी छातीला हात लावला. डॉक्टर तेंग यांनी त्यांना तालुक्याला पोचवले म्हणून वाचले. जिवावरचे जिभेवर निभावले. त्या दिवसापुरते भाऊजींना बोलता येईना, आणि देवाने क्षमा करावी, पण त्यांच्या भावाला आणि मला दवाखान्याच्या बाकावर बसून हसू आवरेना.

त्याच भाऊजींना माझ्या नवऱ्याचा निळ्या नक्षीचा, झाकणाचा चहाचा वाडगा द्यावा. वाडग्याला टवका गेला आहे, झाकण मात्र नीट बसते. झाकण कशासाठी असते याचा भाऊजींनी रोज चहाघरात बसताना विचार करावा. मागच्या आवाराबद्दल गावात जे काही बोलले गेले त्यातले निम्मे त्यांच्या बांबूच्या खुर्चीतून निघाले आहे. "रानातून चिकटून आलेली" हे शब्द त्यांचे. मी ते विसरलेले नाही, आणि मेल्यावर विसरेन असा भरवसा नाही.

आता शानमेइ.

आमचे बियाणे डोंगरातून येते. खालच्या सपाटीवर कंद नुसता वाढतो, त्याचे बी म्हणून काही चांगले होत नाही. ते वर थंडीत, दगडात धरावे लागते आणि मग खाली आणून लावावे लागते. छिंगछ्वानकडचा लाओस्सु नावाचा, 'हे' आडनावाचा माणूस दर हिवाळ्यात आमचे बी आणायचा. अबोल माणूस होता, माल मात्र चोख. एका वर्षी ट्रकमध्ये पोत्यांवर त्याची मुलगी बसून आली. तिची आई आधीच गेलेली होती. पोरीला सणकून ताप होता.

"वहिनी, हिला चार दिवस ठेवता का?" तो म्हणाला. "वर जाऊन दुसरी खेप घेऊन येतो. वाटेत गारठा फार आहे."

"ठेव की. नाव काय गं तुझं?"

ती बोलली नाही. त्यानेच सांगितले. "शानमेइ. ती बोलते, पण उशिरा."

दुसरी खेप आलीच नाही. वरच्या घाटात दरड पडली. ट्रक सापडला तोही बर्फ वितळल्यावर. मी तिला काही सांगितले नाही, पण ट्रकचा आवाज झाला की ती दाराशी जायची आणि नंतर जाईनाशी झाली. तेव्हा तिला कळले असावे. ताप उतरला तरी ती माझी पाठ सोडीना. मी शेतात वाकले की पाठीवर, चुलीपाशी बसले की मांडीला टेकून. माझा नवरा तिला बघून म्हणाला, "वेनबी, तुला तर फूत्झ धरलं की!" तेच तिचे घरातले नाव पडले. चेंगपिंग तेव्हा शाळेत होता. त्याला हसू आले, आणि थोडा रागही आला असेल. त्याला तोवर कोणी असे नाव दिलेले नव्हते.

तिला रीतसर दत्तक घ्यायचा प्रयत्न आम्ही केला. आम्हाला मुलगा होता आणि त्या वेळच्या नियमांत आमचे बसेना. साहेबाने कागद परत केला आणि म्हणाला, "ठेवा ना घरात, कोण नको म्हणतंय?" आम्ही ठेवले. ती मला तेव्हापासून मावशी म्हणते. मी कधी दुसरे काही म्हणायला सांगितले नाही, कारण तिची आई वर डोंगरात पुरलेली आहे.

वसंतात आम्ही शेतात मुळे छाटतो. आईच्या बाजूची माती बोटांनी उकरायची, वाकड्या सुरीने जादा पोरे काढायची आणि दोनच ठेवायची, म्हणजे ती दोन नीट भरतात. मुळाला धक्का न लावता माती परत लोटायची. चेंगपिंगला हे कधी आवडले नाही. तो म्हणायचा, "पाठ मोडते आणि नखं काळी होतात." खरेच होतात. शानमेइला ते शिकवावे लागले नाही. पहिल्या वर्षी ती माझ्या शेजारी बसून छाटलेली पोरे टोपलीत गोळा करायची, आणि एक दिवस म्हणाली, "मावशी, ह्यांचं काय होतं?" आम्ही ती फेकून देत नाही, तीही मुरवतो, बारीक माल म्हणून स्वस्तात जातो, असे मी सांगितले. तिचा जीव केवढा हलका झाला ते मला चेहऱ्यावर दिसले. शेतातून येताना नवरा मला हळूच म्हणाला, "आपणही दोनच ठेवली, नाही का?" त्याला ही दोघे सारखी होती. हे मी शपथेवर लिहिते.

मोठी झाल्यावर तिचे लग्न करून दिले. दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन परत आली. कारण तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती हौदावर होती. मालाची चव घेण्याचे काम तेव्हापासून हळूहळू तिच्याकडे गेले. तिच्या जिभेवरून गेलेला माल कोणी परत आणला असे आजवर झालेले नाही. पण जीभ बधिर असताना माणूस कमी बोलतो आणि पुढे तशी सवय लागते. तिच्या बाबतीत ती आधीपासूनच होती.

आता त्या दुपारचे लिहिते. नवऱ्याला झटका येऊन गेला होता, एक बाजू गेली होती, बोलणे जड झाले होते. जुलैतले, पंचांगातल्या छोट्या उष्म्याचे दिवस, माल हौदात, बाहेर जीव नको करणारा उकाडा. चेंगपिंग म्येनयांगहून आला होता. थिंगशू भाऊजी पायाशी बसले होते. मी उशाशी. शानमेइ दाराशी बसून चमच्याने त्यांच्या ओठांना पाणी लावायला वाटी धरून होती. त्यांनी डोळे उघडले आणि बऱ्याच खटपटीने दोन शब्द काढले.

"फूत्झ... सोडू नका."

आणि पुन्हा डोळे मिटले.

परगावच्या माणसाने इथे नीट लक्ष द्यावे. आमच्या भाषेत बाप-लेक याही जोडीला फूत्झच म्हणतात. लिहिताना अक्षर निराळे, बोलताना उच्चार तोच, चढ-उतारही तोच. ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजायचे. आणि मरणाऱ्या माणसाला संदर्भ कुठला असतो?

भाऊजी आधी बोलले. "ऐकलंस ना चेंगपिंग? बाप-लेक. बापाचं लेकाकडे. आवार घराण्यातच राहायला हवं. दादानं स्वच्छ सांगितलं."

"बाबा माझ्याबद्दल बोलले," चेंगपिंग म्हणाला. "आई, बाबा माझ्याबद्दल बोलले."

मला तेव्हा गप्प बसता आले असते, पण मी कुठली बसते! मी म्हटले, "तुझ्याबद्दल बोलायचं तर तुझं नाव घेतलं असतं. ह्या घरात फूत्झ कोणाला म्हणतात ते तुला माहीत नाही? ते पोरीबद्दल बोलले. तिला सोडू नका म्हणाले."

"परक्या पोरीबद्दल? मरताना?" भाऊजी.

"परकी कोण, ते तुम्ही ठरवणार?"

"वहिनी, निदान आज तरी आवाज खाली ठेवा."

"तुम्ही आधी खाली बसा."

असे आम्ही तिघे त्यांच्या अंगावरून भांडत होतो. श्वास चालू होता. माणूस अजून गेलेला नव्हता आणि आम्ही त्याचे शब्द वाटून घेत होतो. दाराकडे पाहिले तर वाटी जमिनीवर ठेवलेली आणि शानमेइ नाही. मला वाटले, पोरीला लागले, कुठेतरी कोपऱ्यात जाऊन रडत असेल. माझा राग आणखी चढला.

मग मागून आवाज आला. हौदाचे बूच निघाल्याचा. पाणी घळघळ नाल्याला लागले. विहिरीवरची मोटर सुरू झाली, आणि नवे पाणी पडू लागले.

सकाळपासून पाणी बदललेले नव्हते. एवढ्या उकाड्यात, एवढा माल पाण्यात, आणि आम्ही सगळे विसरलो होतो. ती उठली होती ती त्यासाठी.

ते पाणी त्यांनीही ऐकले. त्यांची कपाळावरची आठी गेली. मी त्यांच्याबरोबर बावन्न वर्षे काढली, ती आठी जाताना कशी दिसते ते मला ओळखता येते. हौद भरला, मोटर बंद झाली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. शानमेइ आत आली तेव्हा तिचे हात अजून ओले होते.

तर ते काय म्हणाले? लेकाबद्दल बोलले, पोरीबद्दल बोलले, की हौदातल्या कंदाबद्दल? सात वर्षे मी हे मनात घोळवते आहे. मला माहीत नाही. मी पोरीच्या बाजूने भांडले, पण खरे सांगायचे तर मलाही जे ऐकायचे होते तेच मी ऐकले. मला माहीत आहे ते एवढेच, की त्या खोलीत त्यांचे शब्द चौघांनी ऐकले आणि ऐकून उठले एकच माणूस.

म्हणून मागचे आवार, सर्व हौद, चुली, कढया, वाळवण्याची गच्ची, बांबूची सुपे, विहीर व मोटर, माझ्या वाकड्या सुऱ्या आणि नदीकाठच्या शेतातील माझा जो काही हक्क असेल तो, हे सर्व मी शानमेइ (आडनाव 'हे') हिला देत आहे. तिने ते चालवावे, अगर बंद करावे, अगर विकावे. हे तिच्यावर ओझे म्हणून देत नाही, तिचे आहे म्हणून देते.

चेंगपिंग, हे वाचून तुला वाईट वाटेल. गेल्या वसंतात आपण तुझ्या वडिलांच्या कबरीवरून परत येताना तू विषय काढलास. एक हॉटेलवाला आवार मागतो आहे, गाड्या लावायला जागा हवी आहे म्हणालास.

"आई, हौद काय गं, कुठंही बांधता येतात."

"मग बांध की तू एखादा."

"तू नेहमी असंच बोलतेस. तिला विचारलंस तरी का, तिला हवंय का हे?"

हे तू बरोबर बोललास. मी त्या संध्याकाळी तिला विचारले. ती म्हणाली, "मावशी, पाणी तापलंय," आणि कढईकडे गेली.

तुझ्याबद्दल मला एक गोष्ट कळते ती लिहून ठेवते, कारण तोंडावर बोलायला गेले की आपले भांडण होते. तू जागेसाठी तसे ऐकले नाहीस. काकांनी त्याला जागेचे रूप दिले. तुला फक्त वाटत होते की बाबांनी जाताना आपल्याबद्दल काही बोलावे. त्यात काही चूक नाही. कदाचित ते बोललेही असतील. तसे असेल तर त्याचा अर्थ एवढाच होतो की बाप-लेकाने एकमेकांना सोडू नये, आणि त्यासाठी आवार लागत नाही. त्यांच्या कबरीवर दर वसंतात जा. तुझ्यावर माझी माया कमी नाही. दोन ठेवली तेव्हा दोन्ही ठेवली.

कायद्याची एक गोष्ट राहिली. डॉक्टर तेंग यांचा भाचा वकील आहे, त्याने ती मला समजावून सांगितली, आणि मी त्याला दोनदा सांगायला लावली. पोटच्या वारसाला मृत्युपत्राने काही दिले आणि तो गप्प बसला, तर त्याने ते घेतले असे धरतात. बाहेरच्या माणसाला दिले आणि तो साठ दिवस गप्प बसला, तर त्याने ते सोडले असे धरतात. गप्प बसणे दोघांचे सारखेच, पण एकाचे होय होते आणि दुसऱ्याचे नाही. ऐकून मी त्या रात्री जेवले नाही, असे म्हणणार होते, पण जेवले.

आता शेवटची सूचना. हे मृत्युपत्र कोणीही मोठ्याने वाचून दाखवू नये. मोठ्याने वाचले की तो शब्द पुन्हा एकच होईल आणि भाऊजी पुन्हा खुर्ची पुढे ओढतील. मी प्रत्येक ठिकाणी अक्षर ठळक काढले आहे. बाप-लेक लिहायचे तिथे बाप-लेक, चिकटलेले मूल लिहायचे तिथे चिकटलेले मूल. ज्याने त्याने कागद हातात घेऊन आपल्या डोळ्यांनी वाचावे, आणि पुढच्याच्या हातात द्यावा. सर्वांत शेवटी तो शानमेइकडे जाईल.

शानमेइ, तुझे वाचून होईपर्यंत खोलीत भांडण सुरू झाले असेल. तुला उठावेसे वाटेल. मागे पाणी बदलायचे असेल, नसेल तर काहीतरी उकळत असेल, तुला काम सापडतेच. त्या दिवशी तू उठलीस म्हणून माल वाचला आणि त्यांना सुखाने जाता आले. या वेळी उठू नकोस. या वेळी उठशील तर तू सोडले असे धरतील. पाणी थोडे थांबेल, मी सांगते. चकत्या आंबल्या तर आंबू दे. ज्या जिभेवर तू इतकी वर्षे लोकांसाठी विष तोललेस, ती एकदा स्वतःसाठी हलव. बसून राहा, चेंगपिंगकडे बघ, रागाने नको, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हण: "हे माझं आहे. मी घेतलं."

या कागदातले मोठ्याने बोलायचे तेवढेच आहे, आणि ते तू बोलायचे आहे.

वरील सर्व मजकूर माझा असून तो मी वाचून, समजून, खाली सही व अंगठा केला आहे. याआधी मी काही लिहून ठेवलेले नाही.

सही: श्यांग वेनबी (सही व डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर बाईंनी हे लिहिले व सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: तेंग ग्वोश्यांग, डॉक्टर, बैशीबा दवाखाना (सही)

साक्षीदार २: न्ये चाओयुन, निवृत्त शिक्षिका, बैशीबा (सही). अक्षरे मी तपासली आहेत. प्रत्येक ठिकाणी बरोबर काढली आहेत.

स्थळ: बैशीबा, मागचे आवार, मोठ्या हौदाजवळ

दिनांक: १९ डिसेंबर २०२३, बियाणे लावण्याचे दिवस